वीजघरातले पहिले मीटर: न दिसणारी वीज मोजली कशी?

न्यूयॉर्कमधल्या पर्ल स्ट्रीटवर थॉमस एडिसन यांचे वीजकेंद्र 4 सप्टेंबर 1882 रोजी सुरू झाले. तिथे व्होल्टेजवर लक्ष ठेवायचे काम दोन रंगीत दिव्यांकडे होते. मुख्य तारांना जोडलेला एक विद्युतचुंबक लोखंडाच्या तुकड्याला ओढून धरायचा. व्होल्टेज ठरल्यापेक्षा एक-दोन व्होल्टने वाढले की ही ओढ वाढायची आणि लाल दिवा लागायचा. तेवढेच कमी झाले की निळा. दोन्ही विझलेले असले म्हणजे सगळे ठीक. दिवा लागला की कामगार एक चाक फिरवून डायनॅमोच्या चुंबकांना जाणारा प्रवाह कमी-जास्त करायचा.

आजच्या नजरेला ही व्यवस्था ओबडधोबड वाटेल. मला मात्र ती शहाणपणाची वाटते, कारण त्या केंद्राची खरी गरज काय आहे हे ती करणाऱ्याने ओळखले होते. ग्राहकांकडे कार्बनच्या तंतूचे दिवे होते आणि ते सुमारे 110 व्होल्टवर चालायचे. व्होल्टेज जरा उतरले की प्रकाश पिवळट पडायचा आणि तक्रारी सुरू व्हायच्या. जरा चढले की प्रकाश झकास, पण तंतू भराभर झिजायचा. कार्बनचा दिवा नेहमीपेक्षा काही टक्केच जास्त व्होल्टेजवर ठेवला तरी त्याचे आयुष्य निम्म्यावर येते. त्यामुळे नेमके किती व्होल्ट आहेत यापेक्षा ‘वाढवू की कमी करू?’ याचे उत्तर चटकन मिळणे महत्त्वाचे होते.

पुढच्या वीस वर्षांत केंद्रे मोठी झाली आणि प्रश्नही वाढले. कोणते यंत्र किती भार ओढते आहे? कोणत्या रस्त्याला जाणारी तार जास्त तापते आहे? कुठे वीज जमिनीत गळते आहे का? महिन्याला किती वीज विकली? आणि प्रत्यावर्ती वीज म्हणजे एसी आल्यावर, दोन यंत्रे एकमेकांच्या तालात फिरताहेत का? यातल्या प्रत्येक प्रश्नासाठी वेगळे साधन घडवावे लागले. प्रयोगशाळेत प्रवाह मोजणारी उपकरणे तोवर साठ वर्षे वापरात होती. ती तशीच उचलून वीजकेंद्रात का ठेवता आली नाहीत, हे कळले की बाकीची गोष्ट आपोआप उलगडते.

आधी एक मूलभूत मुद्दा. वीज थेट कोणालाच मोजता येत नाही, मोजतो तो तिचा एखादा परिणाम. प्रवाह वाहिला की भोवती चुंबकत्व तयार होते, तार तापते, द्रावणातून गेला तर धातू एका पट्टीवरून दुसरीवर जातो. व्होल्टेज असले की विरुद्ध भाराचे पत्रे एकमेकांना ओढतात. जुना कोणताही मीटर उघडा, आत या चारांपैकी एक परिणाम आणि त्याला विरोध करणारे काहीतरी सापडेल: स्प्रिंग, वजन किंवा दुसरे चुंबक. त्या दोघांची बरोबरी जिथे होते तिथे काटा थांबतो. परिणाम कोणता निवडला आणि विरोध कशाचा घेतला, यावर त्या मीटरचे सगळे गुणदोष ठरतात.

होकायंत्राची सुई आणि डायनॅमोची खोली

1820 मध्ये डेन्मार्कच्या हान्स ख्रिश्चन एर्स्टेड यांना दिसले की प्रवाह वाहणाऱ्या तारेजवळ होकायंत्राची सुई वळते. त्यातूनच गॅल्व्हानोमीटर निघाला. 1837 मध्ये फ्रान्सच्या क्लोद पुइये यांनी टँजंट गॅल्व्हानोमीटर मांडला: तारेच्या मोठ्या गोल कडीच्या मधोमध एक छोटी चुंबकसुई. कडीतला प्रवाह सुईला एका दिशेला खेचतो, पृथ्वीचे चुंबकत्व तिला उत्तरेकडे धरून ठेवते. सुई किती वळली यावरून प्रवाह काढता येतो. विरोध करायला पृथ्वीच उभी असल्याने उपकरण स्वस्त आणि सोपे. शाळा-कॉलेजांच्या प्रयोगशाळांत ते पुढेही कित्येक वर्षे टिकले.

वीजकेंद्रात मात्र नेमका हाच गुण आडवा आला. थोडा हिशेब करून पाहू. पृथ्वीच्या चुंबकत्वाचा आडवा भाग ठिकाणानुसार साधारण 20 ते 40 मायक्रोटेस्ला असतो. स्विचबोर्डामागच्या तांब्याच्या पट्टीतून, म्हणजे बसबारमधून, 1000 अँपिअर जात असतील तर एक मीटर अंतरावर तिचे चुंबकत्व 200 मायक्रोटेस्ला भरते. म्हणजे ज्या पृथ्वीच्या आधारावर सुई तोलायची तिच्यापेक्षा शेजारची पट्टीच पाच-दहा पट जोरकस. त्यात डायनॅमोची स्वतःची प्रचंड चुंबके वेगळी. अशा खोलीत सुई कोणाचे ऐकेल? लॉर्ड केल्व्हिन यांचा आरशाचा गॅल्व्हानोमीटर समुद्राखालच्या तारयंत्राच्या केबलवर अप्रतिम काम करत होता. त्यात सूक्ष्म धाग्याला टांगलेला आरसा होता आणि त्यावरून परावर्तित होणारा प्रकाशाचा ठिपका. वाफेच्या इंजिनांनी जमीन थरथरत असलेल्या जागी तो ठिपका स्थिर कसा राहणार?

आणखी एक अडचण माणसाची होती. प्रयोगशाळेत बसून कोन वाचायचा, कोष्टकात टँजंट बघायचा, गुणाकार करायचा हे प्राध्यापकाला चालते. रात्रपाळीच्या कामगाराला दहा फुटांवरून, एका हाताने चाक फिरवत असताना, आकडा थेट दिसला पाहिजे. काटा दोन मिनिटे डोलत राहून चालणार नाही. तो येऊन तिथेच थांबला पाहिजे.

लंडनमध्ये विल्यम एर्टन आणि जॉन पेरी या जोडीने 1880 च्या दशकाच्या सुरुवातीला याच दिशेने काम केले. त्यांच्या एका अमीटरमध्ये, म्हणजे प्रवाह मोजणाऱ्या मीटरमध्ये, लोखंडाची सुई एका दणकट कायम चुंबकाच्या दोन टोकांमध्ये ठेवलेली होती. त्या चुंबकाचा जोर इतका की पृथ्वी आणि शेजारच्या तारा त्यापुढे नगण्य ठरत. कोन आणि प्रवाह एकाच प्रमाणात राहतील अशी रचना केल्याने आकडेमोडही कमी झाली. पण त्या काळचे चुंबक बेभरवशाचे होते. उष्णता, हादरे आणि काळ यांनी त्यांचा जोर उतरायचा. चुंबक ढिले पडले की सुईला धरून ठेवणारी शक्ती कमी होते, म्हणून तोच प्रवाह असताना मीटर जास्त आकडा दाखवू लागतो. असा मीटर वारंवार तपासून घ्यावा लागायचा.

वेस्टन यांनी काय केले

इथे एडवर्ड वेस्टन येतात. जन्माने इंग्रज, काम अमेरिकेत. 1888 मध्ये न्यू जर्सीतल्या नेवार्क इथे त्यांनी मोजमापाच्या उपकरणांची कंपनी काढली. त्यांच्या मीटरची मूळ कल्पना फ्रान्सची. 1882 मध्ये मार्सेल देप्रे आणि आर्सेन दार्सोनव्हाल यांनी नेहमीची रचना उलटी केली होती. चुंबक स्थिर ठेवायचे आणि तारेची हलकी गुंडाळी, म्हणजे कॉइल, त्याच्या टोकांमध्ये फिरू द्यायची. वेस्टन यांनी ती टांगलेली नाजूक कॉइल काढून रत्नांच्या खोबणीत टेकलेल्या टोकदार आसावर बसवली. केसासारख्या दोन बारीक स्प्रिंगा लावल्या. त्या काट्याला मागेही ओढतात आणि कॉइलमध्ये प्रवाह आणण्या-नेण्याची वाटही होतात. कॉइलच्या मधोमध लोखंडाचा दंडगोल ठेवला, त्यामुळे मधली फट अरुंद झाली, तिच्यातले चुंबकत्व तीव्र आणि सर्वत्र सारखे झाले. परिणामी डायलवरचे आकडे समान अंतरावर आले आणि बाहेरच्या बसबारचा त्रासही पुष्कळ घटला.

काटा न डोलता थांबण्याची युक्ती मला सगळ्यात आवडते, कारण तिच्यासाठी वेगळा भाग लागतच नाही. कॉइल गुंडाळलेली चौकट धातूची ठेवायची, एवढेच. चौकट चुंबकत्वातून फिरते तेव्हा तिच्यातच प्रवाह निर्माण होतात आणि तेच तिच्या फिरण्याला अटकाव करतात. हालचाल थांबली की अटकावही संपतो, त्यामुळे काट्याच्या शेवटच्या जागेवर त्याचा काही परिणाम होत नाही.

उरले दोन जुने दोष. चुंबक उतरतात त्यावर वेस्टन यांचा उपाय असा की कारखान्यातच त्यांना मुद्दाम म्हातारे करायचे. तापवून-थंडावून, काही जोर आधीच काढून टाकून, उरलेला जोर वर्षानुवर्षे टिकेल अशा स्थितीला आणायचे. दुसरा दोष तांब्याचा. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे 0.4 टक्के वाढतो. बॉयलरच्या शेजारची खोली सकाळपेक्षा दुपारी 10 अंशांनी तापली तर नुसत्या तांब्याच्या व्होल्टमीटरचा आकडा 4 टक्क्यांनी चुकेल. ज्या दिव्यांचे आयुष्य काही टक्क्यांवर अवलंबून आहे त्यांच्यासाठी ही चूक फार झाली. वेस्टन यांनी तांबे, मँगनीज आणि निकेल यांचा मिश्रधातू शोधला, तोच मँगनिन. त्याचा रोध खोलीच्या तापमानात जवळजवळ बदलत नाही. कॉइल तांब्याची असली तरी तिच्यासोबत भरपूर मँगनिनची तार जोडली की एकूण चूक किरकोळ होते.

याच मँगनिनमुळे मोठे प्रवाह मोजणेही सुटसुटीत झाले. आधी अमीटरमधून पूर्ण प्रवाह न्यावा लागे. शेकडो अँपिअरची तांब्याची जाड पट्टी मीटरच्या पाठीपर्यंत वळवून आणायची, म्हणजे खर्च, उष्णता आणि धोका. त्याऐवजी बसबारमध्येच मँगनिनच्या पात्यांचा ठोकळा बसवायचा, त्याला शंट म्हणतात. प्रवाह त्यातून जाताना दोन टोकांमध्ये अगदी थोडे व्होल्टेज पडते आणि बारीक तारांनी तेवढेच मीटरपर्यंत न्यायचे. पूर्ण प्रवाहाला 75 मिलिव्होल्ट हे एक प्रचलित माप. 1000 अँपिअरच्या अशा शंटमध्ये फक्त 75 वॉट वाया जातात. पॅनलवरचा ‘अमीटर’ प्रत्यक्षात मिलिव्होल्ट मोजत असतो, डायलवर आकडे मात्र अँपिअरचे छापलेले असतात.

मग हा मीटर बरोबर आहे हे कोण ठरवणार? 1893 मध्ये शिकागोला भरलेल्या आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेने अँपिअरची व्याख्या चांदीवर आधारली: चांदीच्या क्षाराच्या द्रावणातून जो स्थिर प्रवाह सेकंदाला 0.001118 ग्रॅम चांदी जमवतो तो एक अँपिअर. तासाभरात चार ग्रॅमहून थोडी जास्त. व्होल्टसाठी क्लार्क सेल हा ठरावीक रासायनिक घट होता. पुढे त्याची जागा वेस्टन यांच्याच कॅडमियमच्या घटाने घेतली, 20 अंशांना 1.0183 व्होल्ट. रोज चांदी तोलत बसणे कोणालाच परवडणारे नव्हते, म्हणून मध्ये केल्व्हिन यांचे विद्युततराजू होते. तराजूच्या दांडीच्या दोन्ही टोकांना तारेची कडी, प्रत्येकीच्या वर-खाली स्थिर कड्या. प्रवाह सोडला की एक बाजू वर ढकलली जाते, दुसरी खाली, आणि सरकते वजन लावून दांडी पुन्हा आडवी करायची. सेंटीअँपिअरपासून किलोअँपिअरपर्यंत वेगवेगळ्या आकारांत हे तराजू ग्लासगोत बनायचे. पॅनलवरच्या मीटरांची तपासणी अशा उपकरणांशी ताडून व्हायची.

याच काळात सगळ्यात जास्त संख्येने खपणारा मीटर मात्र याहून कितीतरी गावठी होता: पोकळ कॉइल आणि तिच्यात ओढला जाणारा मऊ लोखंडाचा तुकडा. ना कायम चुंबक, ना हलणारी कॉइल. चढत्या आणि उतरत्या प्रवाहाला तो किंचित वेगळे आकडे दाखवायचा, कारण लोखंडात थोडे चुंबकत्व मागे राहते. डायलच्या सुरुवातीचे आकडे दाटीवाटीने असायचे. पण तो स्वस्त होता, दणका सोसायचा आणि त्याच्यात एक गुण होता ज्याची किंमत एसी आल्यावरच कळली.

एसी आली आणि काटा शून्यावर बसला

वेस्टन पद्धतीच्या मीटरला एसी लावा. काटा शून्यावर किंचित थरथरेल आणि तिथेच राहील. प्रवाह सेकंदात कित्येकदा दिशा बदलतो. कॉइलला एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे धक्का बसतो आणि सरासरी शून्य. मीटर खोटे बोलत नाही, त्याला सरासरी विचारली तर तो सरासरीच सांगतो. एसीसाठी असा परिणाम हवा जो दिशा उलटली तरी उलटत नाही. असे परिणाम प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असतात, कारण उणे गुणिले उणे अधिकच होते. लोखंडाचा तुकडा कॉइलकडे ओढला जातो तो प्रवाह कुठल्याही दिशेने असला तरी ओढलाच जातो. एसीचे 110 व्होल्ट म्हणजे डीसीच्या, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेच्या, 110 व्होल्टइतकेच दिव्याला तापवणारे व्होल्टेज. हे माप वर्गाच्या सरासरीवरूनच निघते, म्हणून हे मीटर नेमके हवे तेच मोजतात. डायलच्या सुरुवातीची दाटी हाही त्या वर्गाचाच परिणाम. प्रवाह निम्मा झाला की ओढ चौथाई होते.

ब्रिटनमध्ये या कामासाठी ब्रिटिश सैन्यातले अभियंते कॅप्टन फिलिप कार्ड्यू यांनी 1880 च्या दशकात वेगळाच मार्ग काढला: उष्णता. त्यांच्या व्होल्टमीटरला काही फूट लांब नळी होती. तिच्यात प्लॅटिनम आणि चांदीच्या मिश्रधातूची केसाहून बारीक तार खाली-वर ताणून बसवलेली. व्होल्टेज लावले की तार तापते, तापली की लांबते, आणि ते किंचितसे लांबणे कप्पी आणि दातेरी चाकांनी मोठे करून काट्याला दिले जाते. यात चुंबकाचा संबंधच नाही, त्यामुळे शेजारी कितीही मोठा बसबार असला तरी फरक नाही, आणि एसी-डीसी दोन्हींना चालतो. ब्रिटिश वीजकेंद्रांत तो भरपूर वापरला गेला. तोटेही उघड होते. काटा सावकाश चढायचा, मीटर स्वतःच बरीच वीज खायचा आणि व्होल्टेज एकदम उसळले तर तार वितळून जायची.

जर्मनीत सीमेन्स यांच्या इलेक्ट्रोडायनामोमीटरने एक स्थिर आणि एक फिरती अशा दोन कॉइल वापरल्या. एकच प्रवाह दोन्हींतून जातो, म्हणून दिशा उलटली तरी दोन्हींची उलटते आणि ढकलणे तसेच राहते. वापरणाऱ्याने वरची मूठ फिरवून स्प्रिंग इतकी पिळायची की कॉइल मूळ जागी यावी. किती पीळ दिला त्याचे वर्गमूळ काढले की प्रवाह मिळतो. अचूक, पण हात लावल्याशिवाय आकडा नाही. ही रचना पुढे फार उपयोगी ठरली ती वॉटमीटरमध्ये. एका कॉइलला प्रवाह आणि दुसरीला व्होल्टेज दिले की काटा त्यांचा गुणाकार, म्हणजे खरी शक्ती दाखवतो. एसीमध्ये प्रवाह आणि व्होल्टेज एकमेकांच्या मागे-पुढे असू शकतात, त्यामुळे दोन मीटरांचे आकडे कागदावर गुणून खरी शक्ती मिळत नाही.

चौथा मार्ग केल्व्हिन यांचा, स्थिर विजेचा. दोन पत्र्यांमध्ये व्होल्टेज लावले की ते एकमेकांना ओढतात. हजारो व्होल्टला ही ओढ चांगली जाणवते, शंभर व्होल्टला ती अगदीच क्षीण असते. म्हणून कमी व्होल्टेजसाठी त्यांनी एकाच आसावर अनेक पाती एकाखाली एक बसवली आणि सगळ्यांची ओढ एकत्र केली. या मीटरमधून डीसीला प्रवाह वाहतच नाही, त्यामुळे तो तापत नाही आणि ज्याचे व्होल्टेज मोजायचे त्यावर भारही टाकत नाही.

दूरच्या टोकाला काय चालले आहे?

केंद्रातला मीटर केंद्रातले व्होल्टेज सांगतो, दिवे मात्र तिकडे रस्त्यापलीकडे लागलेले असतात. मधल्या तारेत किती व्होल्ट पडतील हे भारावर अवलंबून. म्हणून सुरुवातीच्या डीसी केंद्रांत वीज नेणाऱ्या जाड तारेबरोबर तिच्या दूरच्या टोकापासून केंद्रापर्यंत बारीक तारा परत आणत. त्यांना जोडलेला व्होल्टमीटर खोलीत बसून ग्राहकाजवळचे व्होल्टेज दाखवी, आणि ऑपरेटर त्याकडे बघून चाक फिरवी.

लंडनजवळच्या डेप्टफर्ड केंद्रात या प्रश्नाने चकवा दिला. सेबास्टियन फेरांटी यांनी तिथून 10,000 व्होल्टने शहराकडे वीज न्यायचे ठरवले, तेव्हा ही पातळी अचाट मानली जात होती. 1890 च्या सुमारास लांब केबल जोडल्यावर दूरच्या टोकाचे व्होल्टेज केंद्रापेक्षा जास्त असल्याचे दिसले. तारेत व्होल्टेज पडते हे सगळ्यांना ठाऊक, ते वाढेल कसे? मीटर मात्र बरोबर होते. लांब केबल स्वतः एखाद्या मोठ्या कपॅसिटरसारखी, म्हणजे वीजभार साठवणाऱ्या साधनासारखी, वागते, आणि तिला भरणारा प्रवाह यंत्रांच्या व तारांच्या गुंडाळ्यांतून जाताना व्होल्टेज उतरवण्याऐवजी चढवतो. भार कमी असला की हे ठळक दिसते. याला आजही फेरांटी परिणाम म्हणतात आणि लांब वाहिन्या रात्री हलक्या भारावर असताना तो सांभाळावाच लागतो.

10,000 व्होल्टची तार पॅनलवर आणून मीटरला जोडणे म्हणजे ऑपरेटरच्या तोंडासमोर मृत्यू टांगणे. उपाय निघाला तो छोट्या ट्रान्सफॉर्मरचा. व्होल्टेजसाठी पीटी, जो हजारो व्होल्टचे ठरावीक 110 व्होल्टच्या आसपास आणतो. प्रवाहासाठी सीटी, जो शेकडो अँपिअरचे 5 अँपिअर करतो. आता मोठ्या आणि छोट्या केंद्रांत एकाच जातीचे मीटर बसू लागले, फक्त डायल वेगळी छापायची. सीटीचा एक नियम मात्र तेव्हापासून आजवर प्रत्येक इलेक्ट्रिशियनला पहिल्या दिवशी सांगितला जातो: बाहेर जाणाऱ्या दोन तारा कधीही मोकळ्या सोडायच्या नाहीत. मुख्य तारेतला प्रवाह सीटी ठरवत नाही, शहराचा भार ठरवतो. तो वाहतच राहणार. दुसऱ्या बाजूचा प्रवाह त्याच्या चुंबकत्वाला तोलून धरत असतो. मीटर काढताना ती वाट तुटली की सगळे चुंबकत्व गाभ्यात उसळते आणि मोकळ्या टोकांवर जीवघेणे व्होल्टेज येते. म्हणून आधी टोके एकमेकांना जोडायची, मगच मीटर काढायचा.

किती विकले आणि एका वेळी किती लागले?

बिलासाठी एडिसन यांनी रसायन वापरले. ग्राहकाकडे झिंक सल्फेटच्या द्रावणात जस्ताच्या पट्ट्या, आणि प्रवाहाचा ठरावीक छोटा हिस्सा त्यातून. दर अँपिअर-तासाला सुमारे 1.22 ग्रॅम जस्त एका पट्टीवरून दुसरीवर जाते. महिन्याला पट्ट्या केंद्रात आणून तोलायच्या. थंडीत द्रावण गोठू नये म्हणून पेटीत एक दिवा असे, तो थंडी वाढली की आपोआप लागायचा. शास्त्र चोख, पण ग्राहकाला स्वतःला काहीच वाचता यायचे नाही, आणि एसीवर हे मुळीच चालत नाही. 1888 मध्ये वेस्टिंगहाउस कंपनीत ऑलिव्हर शॅलेनबर्गर यांना आर्क दिव्यात निसटून पडलेली एक छोटी स्प्रिंग आपोआप फिरताना दिसली. त्यातून त्यांनी एसीचा फिरता मीटर घडवला, तोही वॉट-तास नव्हे, अँपिअर-तास मोजणारा. खरी ऊर्जा मोजणारा एसीचा फिरता चकतीचा मीटर 1889 मध्ये बुडापेस्टच्या गांझ कंपनीतल्या ओट्टो ब्लाथी यांनी आणला. घरोघरी फिरणारी ती अॅल्युमिनियमची चकती त्याच वंशातली.

वीजकेंद्राच्या मालकाला याहूनही टोचणारा प्रश्न दुसरा होता. दोन ग्राहकांनी महिन्याला सारखीच वीज वापरली, पण एकाने ती दिवसभर थोडी-थोडी घेतली आणि दुसऱ्याने संध्याकाळी दोन तासांत. दुसऱ्यासाठी कितीतरी मोठे यंत्र उभे करावे लागते आणि ते उरलेले बावीस तास रिकामे बसते. साठवता येत नसलेल्या मालाचा धंदा हा. इंग्लंडमध्ये ब्रायटनच्या आर्थर राइट यांनी यासाठी कमाल मागणी दाखवणारे साधन केले. काचेची बंद नळी, तिच्यात द्रव, एका टोकाच्या फुग्याभोवती तापणारी तार. प्रवाह वाढला की त्या फुग्यातली हवा फुगते आणि द्रव दुसऱ्या बाजूला चढून एका आखलेल्या नळीत सांडतो. सांडलेला परत जात नाही. महिनाअखेर तो किती भरला यावरून सर्वाधिक प्रवाह कळतो. हवा तापायला वेळ लागतो, त्यामुळे क्षणभराची उसळी धरली जात नाही, टिकून राहिलेली मागणीच नोंदली जाते. मीटरचा मंदपणा एरवी दोष, इथे तोच कामाचा. शिकागोतल्या वीजकंपनीचे प्रमुख सॅम्युअल इन्सल 1894 मध्ये इंग्लंडला आले असताना ब्रायटनला त्यांना ही पद्धत कळली आणि अमेरिकेत त्यांनी वीजदर त्यावर उभे केले. आजही कारखान्यांच्या बिलात वापरलेल्या युनिटशिवाय कमाल मागणीचा वेगळा आकार असतो.

दोन यंत्रे एका तालात

डीसीची दोन यंत्रे जोडताना व्होल्टेज सारखे असले की पुरते. एसीला तेवढ्याने भागत नाही. दोन्हींची वारंवारता सारखी हवी आणि लाटांचे चढ-उतारही एकाच क्षणी हवेत. चुकीच्या क्षणी स्विच लावला तर प्रचंड प्रवाह उसळतो आणि यंत्राच्या आसाला हिसका बसतो.

सुरुवातीला हे काम दिव्यांवर चाले. चालू यंत्र आणि नवे यंत्र यांच्यामध्ये, स्विचच्या दोन टोकांना, दिवे जोडायचे. लाटा जुळल्या की दोन्ही टोकांत फरक शून्य, दिवे विझतात. लाटा अगदी उलट असल्या की दुप्पट व्होल्टेज, म्हणून दोन दिवे एकामागे एक. वेगात फरक असला की दिवे लुकलुकतात, फरक जितका कमी तितके सावकाश. ते बराच वेळ विझून राहिले की स्विच मारायचा. यातला दोष असा की दिवा शून्यावरच विझत नाही. पूर्ण दाबाच्या चौथाईखाली तो काळा दिसत असेल, तर लाटांमध्ये 29 अंशांचा फरक असतानाही ऑपरेटरला अंधारच दिसतो. तंतू तुटलेला असला तरीही अंधारच. म्हणून काही ठिकाणी जोडणी उलटी करून दिवे सर्वांत उजळ होतील तेव्हा स्विच लावत. नवे यंत्र पुढे पळते आहे की मागे पडते आहे हे मात्र साध्या लुकलुकण्यातून कळत नाही.

वारंवारतेसाठी जर्मनीत सुंदर साधन निघाले. पोलादाच्या पट्ट्यांची रांग, प्रत्येक पट्टी वेगळ्या कंपनासाठी जुळवलेली, टोकांना पांढरा रंग. शेजारच्या विद्युतचुंबकाला एसी दिली की जिची कंपने जुळतात ती पट्टी जोरात थरथरते, बाकीच्या जवळजवळ शांत. चुंबक प्रत्येक चक्रात दोनदा ओढते, म्हणून 50 चक्रांच्या खुणेची पट्टी सेकंदाला 100 कंपनांची असते. व्होल्टेज कमी-जास्त झाले तरी आकडा चुकत नाही.

दिशेचा प्रश्न सुटला तो सिंक्रोस्कोपने. नायगारा धबधब्यावरच्या केंद्रात काम करणारे पॉल लिंकन यांनी विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला असे साधन मांडले. त्यात एक छोटी मोटरच असते. तिचा स्थिर भाग एका बाजूच्या विजेवर, फिरता भाग दुसऱ्या बाजूच्या. काटा दोन्ही लाटांमधला कोन दाखवतो, आणि वारंवारतेत फरक असेल तर तो गोल फिरत राहतो: नवे यंत्र जलद असेल तर एका दिशेने, मंद असेल तर उलट. डायलवर ‘फास्ट’ आणि ‘स्लो’ असे बाण असतात. ऑपरेटर टर्बाइनचा वेग असा लावतो की काटा ‘फास्ट’च्या बाजूने अगदी सावकाश फिरावा. किंचित जलद असलेले यंत्र जोडताक्षणी भार उचलते. मंद असलेले उलट बाकीच्या यंत्रांकडून वीज ओढून मोटरसारखे फिरू लागते. आणि स्विच तो काटा बाराच्या खुणेवर आल्यावर लावत नाही, थोडा आधी लावतो, कारण मूठ दाबल्यापासून तांब्याला तांबे भिडेपर्यंत क्षणभर जातो आणि तेवढ्यात काटा बारावर पोहोचलेला असतो.